जुन्या गाडीचं इग्निशन घरच्या घरी दुरुस्त करताना: बॅटरीपासून प्लगपर्यंत

सेल्फ मारला की इंजिन नीट फिरतं, पेट्रोलचा वासही येतो, पण गाडी काही पकडत नाही. किंवा सुरू होते, सपाट रस्त्यावर बरी चालते आणि चढ लागला की मिसिंग मारायला लागते. अशा वेळी बहुतेक जण आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कंडेन्सर, आणि एवढं करूनही गाडी तशीच राहते. जुन्या इग्निशनमध्ये जळून गेलेल्या पार्टपेक्षा मळलेला संपर्क, ढिली अर्थिंग आणि चुकलेला गॅप यांचंच प्रमाण जास्त असतं. म्हणून आधी मोजायचं, दोष नेमका कुठे आहे ते पक्कं करायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा. हा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

इथे जुनी गाडी म्हणजे जिच्यात डिस्ट्रिब्युटर (ठिणगीचा करंट पाळीपाळीने प्लगांना वाटणारा भाग), सीबी पॉइंट (त्याच्या आतला, करंट जोडणारा-तोडणारा संपर्क), कंडेन्सर आणि एकच कॉइल आहे ती. सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिट असलेल्या) आणि दुचाकी गाड्यांबद्दल थोडं शेवटी आहे.

ठिणगी पडते कशी

कॉइलच्या आत दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेची, थोड्या वेढ्यांची प्रायमरी आणि केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची सेकंडरी. पॉइंट बंद असताना बॅटरीचा करंट प्रायमरीतून पॉइंटमार्गे अर्थला जातो, साधारण ३ ते ४ अँपिअर. त्याने कॉइलमध्ये चुंबकत्व तयार होतं. डिस्ट्रिब्युटरमधल्या कॅमने पॉइंट उघडला की करंट तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळतं आणि सेकंडरीत १५ ते २० हजार व्होल्ट तयार होतात. ते मधल्या जाड लीडने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात, म्हणजे कॅपमध्ये, तिथून आत फिरणाऱ्या रोटरवरून ज्याची पाळी असेल त्या प्लगला जातात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ठिणगी पॉइंट उघडताना पडते. टायमिंगचं, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी याचं, सगळं गणित या एका गोष्टीवर आहे.

करंट तुटताना तो पॉइंटच्या फटीतून उडी मारून जायला बघतो. कंडेन्सर त्याला क्षणभर स्वतःत सामावून घेतो. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि कॉइलमधलं चुंबकत्व झटकन कोसळतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. एवढ्या वेगात ०.१ मिमीचा फरकही गाडीला जाणवतो, तो यामुळेच.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती), प्लग पाना, बारीक स्क्रू ड्रायव्हर, पॉइंट घासायची बारीक कानस, स्वच्छ सुती कापड. टायमिंग लाइट आणि ड्वेल मीटर (पॉइंट किती वेळ मिटून राहतात ते मोजणारं) असेल तर उत्तम, नसेल तरी काम होतं. गाडीचं मूळ मॅन्युअल मात्र मिळवाच. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

सुरक्षेचं थोडक्यात. सुट्टे भाग काढताना बॅटरीची अर्थची केबल आधी काढा. इंजिन चालू असताना प्लगच्या वायरींना हात लावू नका; झटका सहसा जीवघेणा नसतो, पण दचकून हात फॅनमध्ये जातो आणि खरी इजा तिथे होते. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इग्निशनजवळ कामच करू नये. पेट्रोल गळत असेल तर ठिणगीची कोणतीही चाचणी करण्याआधी ते बंद करा. आणि चावी चालू ठेवून, इंजिन बंद ठेवून चहा प्यायला जाऊ नका: पॉइंट मिटलेल्या स्थितीत असतील तर कॉइल तापत राहते आणि निकामी होते.

पहिली चाचणी: ठिणगी कुठपर्यंत पोचते

एक प्लग काढा, त्याच्याच वायरमध्ये बसवा आणि त्याची धातूची बॉडी इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवून ठेवा. कार्ब्युरेटर आणि उघड्या प्लगच्या भोकापासून लांब. हाताने धरू नका, तारेने किंवा क्लिपने बांधा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर-पांढरी, टक-टक आवाज करणारी ठिणगी चांगली. बारीक, पिवळट-लालसर ठिणगी अशक्त.

फक्त ठिणगी दिसली म्हणून समाधान मानू नका. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून गॅप कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर असेल तर तो वापरावा. चांगल्या कॉइलची ठिणगी ६ मिमीची फट आरामात ओलांडते.

प्लगवर ठिणगी नसेल तर कॅपमधली मधली लीड काढून तिथे तीच चाचणी करा. मधल्या लीडला दमदार ठिणगी आहे आणि प्लगला नाही, म्हणजे दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींमध्ये. मधल्या लीडलाही नाही, म्हणजे बारा व्होल्टच्या बाजूला किंवा खुद्द कॉइलमध्ये. या एका चाचणीने अर्धं इग्निशन संशयाबाहेर जातं.

बारा व्होल्टची बाजू

पूर्ण चार्ज बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती ९.५ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा, कारण तेवढ्या व्होल्टेजवर कॉइल नीट भरतच नाही.

आता टेस्ट लॅम्प. त्याचं एक टोक अर्थला आणि दुसरं कॉइलच्या त्या टर्मिनलला जोडा, जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरला जाते. चावी चालू करून सेल्फ मारा. दिवा उघडझाप करत असेल तर पॉइंट आपलं काम करतात.

दिवा सतत पेटलेलाच राहिला, तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा मिटूनही करंट जात नाही: तोंडावर मळ, गॅप फार मोठा, किंवा आतली प्लेट अर्थ करणारी छोटी वायर तुटलेली. ही वायर प्लेटबरोबर सतत हलते आणि आवरणाच्या आत तुटते. बाहेरून धड दिसते. बोटाने हळूच ओढून बघा.

दिवा अजिबात पेटला नाही, तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून काढा. आता पेटला? मग डिस्ट्रिब्युटरच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे, पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट झाला आहे. अजूनही पेटला नाही, तर कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलवर करंट येतोय का ते बघा. तिथे आहे आणि इकडे नाही, म्हणजे प्रायमरी तुटली. तिथेही नाही, तर दोष इग्निशन स्विच, फ्यूज किंवा वायरिंगमध्ये.

काही गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना तो बाजूला पडून कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतं, इंजिन सुरू झालं की रेझिस्टरमधून कमी व्होल्टेज जातं. गाडी सेल्फ मारताना लगेच पकडते आणि चावी सोडली रे सोडली की बंद पडते, हे त्याचं नेमकं लक्षण. रेझिस्टर तुटलेला असतो किंवा स्विचचा चालू स्थितीतला संपर्क गेलेला असतो.

पॉइंट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते पॉइंट मन लावून सेट केले तर जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

कॅप काढा, रोटर वर ओढून काढा. डिस्ट्रिब्युटरच्या प्लेटमध्ये जी भोकं दिसतात त्यांत कापडाचा तुकडा खोचा. बारीक स्क्रू आत पडला तर अख्खा डिस्ट्रिब्युटर खोलावा लागतो. स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उघडून दोन्ही तोंडं उजेडात बघा. फिकट राखाडी आणि सपाट असतील तर ठीक. एका तोंडावर उंचवटा आणि समोर खड्डा असेल तर धातू एकीकडून दुसरीकडे गेलेला आहे. हे फार लवकर झालं असेल तर कंडेन्सर तपासायला हवा. निळे-काळे जळालेले असतील तर तोंडांवर तेल किंवा ग्रीस गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

थोडा खडबडीतपणा बारीक कानशीने काढता येतो. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण धातूत रुततात आणि पुन्हा ठिणगी उडते. खड्डा खोल असेल तर घासत बसू नका, नवीन सेट टाका.

नवीन सेट बसवताना टर्मिनलवरच्या वॉशरचा क्रम जुना काढतानाच फोटो काढून ठेवा. पॉइंटची पट्टी, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून आलेली वायर या तिघी एकमेकींना टेकल्या पाहिजेत, आणि खालच्या प्लेटला एकही टेकता कामा नये. मधला प्लास्टिकचा वॉशर चुकीच्या जागी गेला की सगळं थेट अर्थ होतं आणि ठिणगी शून्य. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज न येण्यासाठी तेलकट थर असतो, तो सॉल्व्हंट लावलेल्या कापडाने पुसून टाका.

आता गॅप. सगळे प्लग काढले की इंजिन हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवा. पॉइंटची टाच, म्हणजे कॅमवर घासणारा भाग, कॅमच्या सर्वांत उंच टोकावर आली की थांबा. लॉक स्क्रू किंचित ढिला करा, इतकाच की प्लेट जोर लावल्यावर सरकेल. खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून फट कमी-जास्त करा. बऱ्याच कारचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असतो. फिलरचं पातं आत सरकवताना हलका अडथळा जाणवला पाहिजे. पातं घुसवताना पॉइंटची स्प्रिंग हलत असेल तर गॅप लहान आहे. पातं आधी पुसून घ्या, त्यावरचं तेल पॉइंटवर राहिलं की तिथे जळतं.

स्क्रू आवळला की गॅप जवळजवळ हमखास थोडा बदलतो. म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. मग इंजिन फिरवून बाकीच्या टोकांवरही मोजा. टोकाटोकात ०.०५ मिमीहून जास्त फरक येत असेल तर शाफ्टचा बुश किंवा कॅम झिजला आहे. शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवून बघितला की लगेच कळतं. अशा डिस्ट्रिब्युटरवर गॅप कितीही काळजीने सेट केला तरी गाडी स्थिर चालत नाही.

जुन्या, उंचवटा आलेल्या पॉइंटवर फिलर गेज फसवतं. पातं उंचवट्यावर टेकतं आणि खरी फट त्याहून मोठी असते. तिथे ड्वेल मीटरच खरं सांगतं. चार सिलिंडरला पॉइंट मिटून राहण्याचा कोन सहसा ५० ते ६० अंश असतो. गॅप वाढवला की ड्वेल कमी होतो, कमी केला की वाढतो.

शेवटी कॅमवर टाचणीच्या डोक्याएवढंच ग्रीस, आणि रोटरखालच्या नमद्यावर तेलाचा एक थेंब. जास्त दिलं तर ते उडून पॉइंटवर जातं. ग्रीस अजिबात नसेल तर टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग हळूहळू मागे जातं. गाडीचं पिकअप दिवसेंदिवस कमी होतंय असं वाटतं ते बऱ्याचदा याच कारणाने.

पडताळणीसाठी पॉइंट मिटलेले, चावी चालू, मीटर व्होल्टवर: कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत मोजा. ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त येत असेल तर पॉइंट, छोटी वायर किंवा इंजिनची अर्थिंग यांपैकी कुठेतरी अडथळा आहे.

कंडेन्सर आणि कॉइल

कंडेन्सर गेला की ठिणगी पिवळट पडते आणि पॉइंटमध्ये इंजिन चालू असताना लख्ख निळा प्रकाश दिसतो. मीटरवर कपॅसिटन्स मोजता येत असेल तर साधारण ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरड यायला हवं. तापल्यावरच बिघडणारे कंडेन्सर थंड असताना चांगले मोजले जातात, त्यामुळे शंका असेल तर दुसरा लावून बघणं हीच सोपी चाचणी. त्याची बॉडी प्लेटला धातूने धातूला टेकली पाहिजे, रंगावर नाही. आणि काढलेला चांगला जुना कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा.

कॉइल तपासताना तिच्या सगळ्या वायरी काढा. दोन लहान टर्मिनलांमध्ये बॅलास्ट नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ओहम, बॅलास्टवाल्या कॉइलला साधारण दीड ओहम. एवढा कमी आकडा मोजताना मीटरची टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. मधल्या जाड भोकापासून लहान टर्मिनलपर्यंत बहुधा ५,००० ते १२,००० ओहम. गाडी अर्धा तास चालून तापली की बंद पडते आणि गार झाली की सुरू होते, असं असेल तर कॉइल तापलेली असतानाच मोजा. बॅलास्टची कॉइल बॅलास्ट नसलेल्या गाडीत बसवली की ती तापून जाते आणि पॉइंटही जाळते, म्हणून बदलताना आकडा जुळवूनच घ्या.

कॅप, रोटर, वायरी

कॅप आतून आणि बाहेरून कोरडी पुसा आणि तिरप्या उजेडात फिरवून बघा. केसासारखी तडा किंवा पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर कॅप बदला. त्या रेघेतून करंट वाट काढतो आणि घासून ती जात नाही. मधला कार्बन स्प्रिंगवर आत-बाहेर हलला पाहिजे. दमट हवेत सकाळी गाडी सुरू होत नसेल तर आधी कॅपचं आतलं बाष्प पुसून बघा.

रोटरचा एक दोष डोळ्यांना दिसत नाही: त्याचं इन्सुलेशन फुटून करंट थेट शाफ्टमध्ये जातो. मधल्या लीडला ठिणगी आहे, कॅप आणि वायरी चांगल्या आहेत, तरी प्लगला काही येत नाही, तर रोटर बदलून बघा.

प्लगच्या वायरी एका वेळी एकच काढा आणि परत लावा. बऱ्याच चार सिलिंडर इंजिनांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असतो, काहींचा १-२-४-३. दोन वायरी उलटसुलट झाल्या की कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात. वायर ओढताना रबरी टोपी धरा, वायर नाही. प्रत्येकीचा रेझिस्टन्स मोजा. लांबीच्या मानाने एखादीच फार वेगळी आली तर तीच दोषी. अंधारात इंजिन चालू करून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला की गळती निळ्या ठिणग्यांनी स्वतःच दिसते.

प्लग

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण जाड किंवा ठिणगी अशक्त. ओलं, तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल खातंय, तिथे प्लग बदलून उपयोग नाही. पांढरं, फोड आल्यासारखं टोक म्हणजे मिश्रण पातळ, टायमिंग पुढे किंवा प्लगचा हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो) चुकीचा. पॉइंटवाल्या गाडीत गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी, बाजूचा इलेक्ट्रोड वाकवून जुळवा, मधल्याला हात लावू नका. प्लग आधी नुसत्या हाताने आटे धरून बसवा. नवीन वॉशरवाला प्लग टेकला की पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश वेढा पुरे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये यापुढे जोर लावला तर आटे जातात.

टायमिंग

गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट क्रमाने केलं तर दोनदा करावं लागतं.

एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि इंजिन फिरवा. बोट बाहेर ढकललं जायला लागलं की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशाशी आणा आणि रोटर कॅपच्या एक नंबरकडे आहे याची खात्री करा. टेस्ट लॅम्प आधीसारखाच जोडा, चावी चालू करा. डिस्ट्रिब्युटरचा क्लँप थोडा ढिला करा. बॉडी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने फिरवून दिवा विझवा, म्हणजे पॉइंट मिटले. मग उलट दिशेने अगदी हळू फिरवा. दिवा ज्या क्षणी पेटेल तिथेच थांबा आणि आवळा. डिस्ट्रिब्युटर १ अंश फिरला की क्रँकचे २ अंश बदलतात, त्यामुळे हात हलका ठेवा.

टायमिंग लाइट असेल तर डिस्ट्रिब्युटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, सांगितलेल्या आयडलवर खूण बघा आणि मग वेग वाढवा. खूण पुढे सरकली पाहिजे. सरकली नाही तर वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं चिकटली आहेत. डिस्ट्रिब्युटरकडच्या व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने हवा ओढा आणि तशीच धरून ठेवा. आतली प्लेट हलून तशीच थांबली पाहिजे, परत आली तर डायफ्राम फाटलाय.

टायमिंग फार पुढे असेल तर चढावर जोर देताना इंजिन खडखडतं आणि सेल्फ मारताना झटका देतं. फार मागे असेल तर गाडी ओढत नाही आणि तापते. खडखड ऐकूनही तशीच चालवली तर पिस्टन खराब होतो, तेव्हा लगेच थोडं मागे घ्या.

दुचाकी आणि सीडीआय

मॅग्नेटोवाल्या (बॅटरीऐवजी फ्लायव्हीलमधल्या चुंबकांवर ठिणगी तयार करणाऱ्या) दुचाकीत पॉइंट फ्लायव्हीलखाली असतात आणि इंजिन बंद करायला कॉइलचा करंट अर्थ केला जातो. ठिणगी नसेल तर आधी किल स्विचची वायर काढून बघा. पावसात भिजलेला स्विच बऱ्याचदा दोषी निघतो. सीडीआय असेल तर लीड मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नका, युनिट जाऊ शकतं. तिथे पिकअप कॉइल (युनिटला ठिणगीची वेळ सांगणारी), तिची फट, कनेक्टरमधली गंज आणि प्लगच्या टोपीतला रेझिस्टर एवढंच घरी तपासावं.

नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला बसते आणि गॅप थोडा कमी होतो. ५०० ते ८०० किलोमीटर झाल्यावर कॅप काढून गॅप पुन्हा मोजा, लागला तर जुळवा आणि त्यानंतर टायमिंगही एकदा पाहून घ्या.